बावटा बघून बॅग भरा

अंदमानला मराठी माणूस जातो सेल्युलर जेलसाठी आणि फोटो आणतो हॅवलॉकचे. पर्यटकांचे गट घेऊन माझं तिथे जाणं-येणं असतं. पोर्ट ब्लेअरचं जेल जागचं हलत नाही. हॅवलॉक आणि नील ही बेटं मात्र बोटीच्या भरवशावर, आणि बोट हवेच्या. (पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, हॅवलॉक-नीलचं २०१८ मध्ये स्वराज द्वीप-शहीद द्वीप. बोलण्यात अजून जुनीच नावं येतात.)

१. बेटं आधी, जेल शेवटी. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी हॅवलॉक गाठा, मग नील, आणि परतीच्या विमानाआधी एक अख्खा दिवस पोर्ट ब्लेअरला ठेवा. बोट चुकली तर तो दिवस कामी येतो. नीलहून सकाळच्या बोटीने येऊन दुपारचं विमान पकडू, असं कुणी म्हणालं की मी सरळ नाही म्हणतो.

२. "अहो, ऊन तर लख्ख पडलंय, मग बोट का नाही?" हे विचारणारे एक काका प्रत्येक गटात असतात. काका, पोर्ट ब्लेअरचं बंदर आत, आडोशाला आहे. बाहेर पडलं की उघडा समुद्र. लांबच्या वादळाने उठवलेल्या लाटा इथे भर उन्हातही येऊन थडकतात. शिवाय बोट नेणं वेगळं आणि धक्क्याला लावणं वेगळं. ती हात-दोन हात वर-खाली होत असताना फळीवरून आजींना उतरवणार कसं? बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला की कोकणातला माणूस वाद घालत नाही, मुकाट चहा मागवतो.

३. डिसेंबर-जानेवारीत निर्धास्त राहू नका. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास इथे पाऊस येतो, हे सगळे जाणतात. पण ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा मोसम. डिसेंबर २०१६ मध्ये, पुढे 'वरदा' चक्रीवादळ झालेल्या कमी दाबाच्या क्षेत्रामुळे हजाराहून जास्त पर्यटक हॅवलॉक आणि नीलवर अडकले. त्यांना आणायला नौदलाची जहाजं गेली. 'पाबुक' तर २०१९ च्या जानेवारीत आलं!

४. खासगी कॅटमरान हॅवलॉकला दीड-दोन तासांत पोचवतात. सरकारी बोटी त्याहून संथ. कॅटमरानच्या बंद एसी केबिनमध्ये मळमळलं तर पटकन वाऱ्याला येता येत नाही. खाली, मधल्या रांगेत बसा. गोळी बोट सुटायच्या अर्धा-एक तास आधी घ्या. पोट ढवळू लागल्यावर घेतलेली गोळी पिशवीतच जाते.

५. तिकीट खिडकीवर भांडू नका. नीलची भाजी पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जाते. एकदा बोटी बंद असताना धक्क्यावर वांग्या-कारल्यांची पोती पाहिली. मालक एका पोत्यावर बसून दुसऱ्याला ओलं गोणपाट घालत होता. आमच्या गटातले एकजण त्याच्या शेजारीच उभे राहून तिकिटाच्या परताव्यावरून फोनवर ओरडत होते. परतावा मिळतो हो. कारल्यांचा कुणाकडे मागायचा?

६. औषधं दोन दिवसांची जादा, तीही हातातल्या बॅगेत. बेटांवर हेलिकॉप्टर येतं, पण त्यावर भिस्त ठेवू नका. तिथे आधी रुग्णांचा नंबर.

७. बोट सुटणार हे पक्कं कळेपर्यंत खोलीची किल्ली देऊ नका. अडकलेल्या दिवशी सगळं बेटच खोली शोधत असतं.