काल्व्हिनोच्या वाचनाचा आरंभ कोठून करावा

चि. भाचीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. ‘इन्व्हिजिबल सिटीज’ची थोडी पाने वाचून तू ते पुस्तक मिटून ठेवलेस, आणि ज्या इटालो काल्व्हिनोची एवढी ख्याती ऐकली त्याच्या लेखनात आपले मन रमू नये, हा आपल्या रसिकतेचा उणेपणा तर नव्हे, अशी तुला शंका आली आहे. उणेपणा तुझा मुळीच नाही. पंचवीस वर्षे लेखन केल्यानंतर 1972 साली त्याने जे पुस्तक सिद्ध केले, ज्यातून कथानक जवळजवळ सर्वस्वी गाळून पंचावन्न नगरांची वर्णने काटेकोर गणिती क्रमाने रचली, ते पुस्तक कोणी तुझ्या हाती पहिलेच म्हणून द्यावे, हे मला रुचले नाही.

तू आरंभ कर तो 1957 च्या ‘द बॅरन इन द ट्रीज’पासून. 15 जून 1767 रोजी, ओंब्रोसा नामक कल्पित गावी, कोझिमो हा बारा वर्षांचा सरदारपुत्र गोगलगायींचे पक्वान्न खाण्यास साफ नकार देऊन भोजनावरून उठतो, बागेतील झाडावर चढतो, आणि त्यानंतर आमरण जमिनीस पाय लावीत नाही. एवढी एकच अशक्य गोष्ट काल्व्हिनो वाचकाकडून कबूल करून घेतो, आणि पुढचा सारा व्यवहार दक्ष कारभाऱ्याप्रमाणे तपशीलवार लावून देतो. झाडावर राहणाऱ्याने निजावे कोठे, पाणी कसे आणावे, शिकार कशी करावी, थंडीत अंगावर काय घ्यावे, वणवा लागल्यास गावकऱ्यांचा बंदोबस्त कसा उभारावा, या प्रत्येकाची तजवीज होते. सेनापतीची कन्या असलेली त्याची आई दुर्बिणीतून मुलाचा माग ठेवते आणि निशाणांच्या खुणांनी त्याच्याशी बोलते. कल्पकता म्हणजे मनास येईल ते लिहिण्याची मुभा, ही तुमच्या वयात सहज होणारी समजूत या कादंबरीने जशी दूर होते तशी दुसऱ्या कशानेही होईल असे मला वाटत नाही. एकदा घातलेली अट लेखकाने किती इमानाने पाळावी, हे काल्व्हिनोपाशी शिकावयाचे. आणि ते येथे जितके उघडपणे दिसते तितके त्याच्या पुढील पुस्तकांत दिसत नाही, म्हणून माझा हा आग्रह.

त्यातील जान देई ब्रूगी या दरोडेखोराचे प्रकरण सावकाश वाच. सारा मुलूख ज्याच्या नावाने थरकापतो असा हा मनुष्य, शिपाई पाठीस लागले असता कोझिमोच्या साहाय्याने झाडावर येतो, त्याच्याजवळचे पुस्तक वाचावयास मागून नेतो, आणि क्रमाक्रमाने वाचनाच्या एवढा आहारी जातो की लूटमारीत त्याचे चित्तच राहत नाही. रिचर्डसनच्या ‘क्लॅरिसा’वर तर तो इतका लुब्ध होतो की, ते पुस्तक हिसकावून घेऊन त्याचा नाश करण्याची धमकी दिल्यावरच त्याच्या साथीदारांना त्यास एका करवसुली कामगाराच्या घरी दरोड्यास धाडता येते, आणि धंद्यावरून मन उडालेला तो गडी तेथे पकडला जातो. तुरुंगाच्या गजांसमोरील झाडावर बसून कोझिमो त्याला मोठ्याने वाचून दाखवितो; ‘क्लॅरिसा’ संपते, फील्डिंगच्या ‘जोनाथन वाइल्ड’चे वाचन सुरू होते, आणि ते पुरे होण्यापूर्वीच फाशीचा दिवस उजाडतो. फास गळ्यात पडल्यावर तो वर फांदीवरील कोझिमोस एवढेच विचारतो, की गोष्टीतल्या नायकाचे पुढे काय झाले. तोही फासावर गेला, हे कळताच आभार मानून तो आपणच शिडी लाथेने दूर सारतो. वाचनाच्या वेडाविषयी याहून सहृदय असे काही मी वाचलेले नाही.

या कादंबरीतील वृक्षांकडेही लक्ष दे. काल्व्हिनोचा जन्म 1923 चा, क्यूबातील हवानाजवळचा. परंतु तो वाढला इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरील सान रेमो येथे, आणि त्याचे आईवडील दोघेही वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते. त्याच मुलखाच्या डोंगरांत 1944 साली तो फॅसिस्टांविरुद्ध लढणाऱ्या गनिमी पथकांत सामील झाला. कोणत्या झाडाची फांदी किती भार सोसते आणि कोणती साल हातास कशी लागते, हे तो जाणतो, ते या घरच्या संस्कारामुळे, असे मी समजतो.

त्यानंतर ‘मार्कोवाल्डो’च्या वीस कथा घे, ट्रामच्या थांब्यापाशी उगवलेली अळंबी शहरातील एका गरीब मजुरास कोठे नेऊन पोचविते, ते पहिल्याच कथेत आहे. मग ‘कॉस्मिकॉमिक्स’, ज्यात नावेत शिडी उभी करून माणसे चंद्रावर चढतात.

एवढे झाले म्हणजे त्या नगरांकडे वळ, आणि एका बैठकीस दोन-तीनहून अधिक वाचू नकोस. एर्सिलिया या नगरीत रहिवासी आपापसांतील नात्यांप्रमाणे, मग ते रक्ताचे असो, व्यापाराचे असो वा अधिकाराचे, घराघरांमध्ये निरनिराळ्या रंगांचे दोरे ताणतात. दोरे इतके दाटतात की चालावयास वाट उरत नाही, तेव्हा लोक घरे मोडून निघून जातात आणि मागे केवळ दोरे व त्यांचे आधार राहतात. कोझिमोच्या अटीप्रमाणेच हीही एक अट आहे. तिचा अंमल मात्र पानभरात पुरा होतो, आणि ही घाई सोसण्यास वाचकाची तयारी लागते.

1979 ची ‘इफ ऑन अ विंटर्स नाइट अ ट्रॅव्हलर’ त्याही नंतरची. तीत दहा कादंबऱ्यांचे आरंभ आहेत आणि प्रत्येक ऐन रंगात तुटतो. कथेच्या पोटात कथा ठेवण्याचा शिरस्ता वेताळपंचविशीच्या वाचकास नवा नाही, तथापि हे तुटणे पुष्कळ कादंबऱ्या वाचलेल्यासच खरे बोचते. हार्वर्डसाठी लिहिलेली व्याख्याने सर्वांत शेवटी ठेव. योजलेल्या सहांपैकी पाच लिहून झाली होती, आणि ती देण्यापूर्वीच सप्टेंबर 1985 मध्ये त्यास मृत्यू आला.

‘बॅरन’ची प्रत या पत्रासोबत रवाना करीत आहे. ती वाचून संपली की कळव, म्हणजे ‘मार्कोवाल्डो’ पाठवीन. ताईस व भाऊजींस नमस्कार सांग.

तुझा,
मामा