स्मृतिभ्रंश आणि चिकित्सेचा तिसरा पाद : परिचारक सहचराचा विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. पैकी वैद्य व द्रव्य यांविषयी आपण सभासंमेलनांतून पुष्कळ बोलतो. उपस्थाता म्हणजे परिचारक मात्र परीक्षेतील उत्तरापुरताच उरला आहे. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच हे त्याचे चार गुण होत. वार्धक्यातील स्मृतिभ्रंशात, ज्यास आधुनिक वैद्यक डिमेन्शिया म्हणते, हा तिसरा पाद बहुधा रोग्याची पत्नी किंवा पती असतो, आणि तोही साठी-सत्तरी ओलांडलेला. अनुराग त्याच्यापाशी असतो. उपचारज्ञता त्याला कोणी शिकविलेली नसते. ती देणे हे आपले काम आहे आणि ते आपण पुरेसे करीत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रश्न लहान नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींत या विकाराचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख रुग्ण, इतके आहे. यातील बहुसंख्य घरीच सांभाळले जातात.

निदानापूर्वी

प्रत्येक विसराळू वृद्धास जराजन्य वातप्रकोप म्हणून मोकळे होऊ नये. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडची मंदता, पडल्यानंतर कवटीत साचलेले रक्त, विषाद, यांतूनही स्मृती ढळते आणि योग्य उपचाराने ती पुष्कळ सुधारू शकते. रक्ततपासणी व मेंदूचे स्कॅन सांगण्यात कमीपणा मानू नये. तसेच दोन दिवसांत रोगी एकाएकी बरळू लागला, तर रोग वाढला असे न समजता मूत्रमार्गाचा संसर्ग, मलावष्टंभ किंवा नव्याने सुरू झालेले औषध शोधावे.

उन्मादाच्या वर्णनात चरकाचार्यांनी मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार हे आठ भाव मोजले आहेत. स्मृतिभ्रंश म्हणजे उन्माद नव्हे. परंतु पत्नीकडून वृत्त घेताना ही यादी फार उपयोगी पडते. ती प्रथम फक्त 'विसरतात हो' एवढेच सांगते. भक्ती व शील विचारले की मग खरे बाहेर येते : आयुष्यभर गोड न खाणारे आता साखरेचा डबा लपवितात, कधी आवाज न चढविणारे अंगावर धावून येतात.

एक घर

एस.टी.तून निवृत्त झालेले एक वाहक, वय ७६, व त्यांची ७० वर्षांची पत्नी गेली चार वर्षे आमच्याकडे येतात. पहाटे चारला उठून 'ड्यूटीला उशीर झाला' म्हणून ते दाराशी जात. सुरुवातीस पत्नी समजावीत असे, 'अहो, तुम्ही रिटायर होऊन अठरा वर्षे झाली!' त्यावर भांडण, आदळआपट, क्वचित मारही. रोग्यास ही बातमी रोज नवीन होती, आणि रोजच अपमानाची. आता ती म्हणते, 'आज तुमची साप्ताहिक सुट्टी आहे, चहा घ्या.' जुनी चामडी बॅग व थोडी नाणी ती त्यांच्यापुढे ठेवते. ते हिशेब जुळवीत बसतात. हिशेब जुळत नाही, पण तासभर शांततेत जातो. सत्यवचनाचा आग्रह धरणाऱ्या काही वैद्यबंधूंना हे खटकेल. मला हे सत्त्वावजयाला धरूनच वाटते : अहितकर विषयापासून मन बाजूला नेणे.

स्नानास ते नकार देत. कारण शोधता कळले, की समोरची स्त्री आपली पत्नी आहे हे त्यांना त्या वेळी उमगत नसे आणि परक्या बाईपुढे कपडे काढणे त्यांना लाजिरवाणे वाटे. खांद्यावर पंचा राहू देऊन, स्टुलावर बसवून, कोमट पाणी आधी पायांवर घालण्यास सांगितले. तेल-उटण्याचा वास आला की ते दिवाळी समजून बसतात. जेवल्यावर पुन्हा जेवण मागत, म्हणून उष्टे ताट थोडा वेळ समोरच राहू देतात. तिन्हीसांजेला 'मला घरी जायचंय' सुरू होते. त्याआधी अर्धा तास घरातील सर्व दिवे लावले की ते बरेच कमी होते. रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद, दाराला घुंगरू, खिशात नाव-पत्ता-फोनची चिठ्ठी. मात्र बाहेरून कुलूप लावून रोग्यास एकटे कोंडू नये. आग लागली तर तो बाहेर पडू शकत नाही.

पत्नीला ते कधी 'ताई' म्हणतात, कधी चोर. चोरीचा आळ ही रोगाची खूण आहे, मनातील जुना राग नव्हे, हे तिला चारचौघांदेखत, मुलगा व सून समोर असताना सांगावे लागले. तिला औषधापेक्षा त्याचाच अधिक उपयोग झाला.

औषधासंबंधी सावधगिरी

मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी ही मेध्य रसायने अग्नी पाहून अवश्य द्यावीत. परंतु गेलेली स्मृती परत येईल असे आश्वासन देऊ नये. त्या आशेवर घरातील पैसा आणि परिचारकाचे बळ दोन्ही संपते.

आपल्याच कपाटातील काही औषधे येथे अपाय करतात. पाठानुसार सूतशेखर व कनकासव यांत धत्तूर आहे. धत्तूराने भ्रम वाढतो आणि मूत्र अडते. सर्दीच्या अनेक गोळ्यांतील क्लोरफेनिरामाइनही त्याच दिशेने जाते. 'जरा आम्लपित्त आहे' म्हणून अशा रोग्यास महिनोन्महिने सूतशेखर चालू असेल, तर आधी ते थांबवून पाहावे. झोपेसाठी सर्पगंधा दिल्यास रक्तदाब उतरून रात्री पडण्याचा धोका राहतो, विषादही वाढू शकतो. डोनेपेझिल चालू असता भूक मंदावणे, जुलाब, नाडी मंद होणे संभवते. त्यास लगेच दोषप्रकोप समजून निराळी चिकित्सा जोडू नये.

गिळण्यास त्रास होऊ लागला की कोरडे चूर्ण बंद. ठसका लागणाऱ्यास नस्यही देऊ नये, स्नेह फुप्फुसात उतरतो. काशाच्या वाटीने पादाभ्यंग केल्यास झोप चांगली लागते, पण तळवे पुसल्याखेरीज रोग्यास उठू देऊ नये. रात्री लघवीला उठून घसरलेल्याचा खुबा मोडला, की पुढील सर्व चिकित्सा अंथरुणावरची.

दुसरा केसपेपर

वर सांगितलेल्या पत्नीचे वजन दोन वर्षांत नऊ किलोने घटले होते आणि तिने रक्तदाबाची गोळी सोडली होती. ती रोगी म्हणून येत नव्हती, त्यामुळे हे कोणी विचारले नव्हते. तेव्हापासून आम्ही अशा प्रत्येक घराचे दोन केसपेपर काढतो. दर भेटीस तिचे वजन, रक्तदाब, झोपेचे तास, शेवटचे पोटभर जेवण केव्हा झाले, आणि रोग्याजवळ दुसरे कोणी बसण्याचे आठवड्यातील दोन ठरलेले तास, एवढे लिहितो. ते दोन तास मुलाकडून मागून घेण्याचे काम बहुधा वैद्यालाच करावे लागते. ती स्वतः मागत नाही. पती परिचारक असेल तर निराळी अडचण येते : त्याचे कौतुक सारी आळी करते, पण त्याला पत्नीचे लुगडे नेसविणे किंवा भात शिजविणे येत नसते. तेथे लुगड्याऐवजी गाऊन सुचविण्याचा संकोच वैद्याने सोडावा. बँक, निवृत्तिवेतन व मृत्युपत्राचे कागद रोग्याला समजते आहे तोवरच पुरे करण्यास सांगावे.

औषधालय चालविणाऱ्या सभासदांस एक विनंती. दर महिन्यास पतीचे औषध नेणारी व्यक्ती तुम्हांस वैद्यापेक्षा अधिक वेळा भेटते. तिने झोपेची गोळी मागितली, तर रात्री झोप कोणाला लागत नाही, त्यांना की तुम्हांला, एवढे विचारावे. आमच्या अनुभवात बहुतेकदा दुसरे उत्तर येते. तशा वेळी पतीच्या चिठ्ठीवर औषध न देता, तिच्या स्वतःच्या नावाने तपासणी करून घेण्यास तिला पाठवावे.