स्वतंत्र निवेदकाचें साधन : पॉडकास्ट

हल्लीं घरांतील वडील माणसें मोबाइल कानाशीं धरून तासन्‌तास कांहींतरी ऐकत बसलेलीं दिसतात. आणि मुलांस व्हिडिओचा नाद इतका जडला आहे कीं, पालकांनीं त्याविषयीं तक्रार केली नाहीं असा दिवस विरळा. ही तक्रार खोटी नाहीं. परंतु ह्या साधनांच्या योगें, कोणाचा आश्रय नसलेल्या एकट्या माणसांनीं केवढें काम केलें आहे, हें पाहिल्यावांचून त्यांस नांवें ठेवणें न्याय्य होणार नाहीं.

प्रथम शब्दाविषयीं. 'आयपॉड' हें गाणीं ऐकण्याचें खिशांतील यंत्र व 'ब्रॉडकास्ट' म्हणजे ध्वनिक्षेपण, ह्या दोहोंच्या संयोगानें 'पॉडकास्ट' हा शब्द बेन हॅमरस्ली ह्या इंग्रज पत्रकारानें इ. स. २००४ मध्यें बनविला. तें यंत्र तयार होणें २०२२ मध्यें बंद झालें, शब्द मात्र राहिला. रचना अगदीं साधी आहे. निवेदक आपलें भाषण ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर ठेवतो व भागांची एक यादी तेथेंच ठेवतो. तिला 'फीड' म्हणतात. श्रोत्याचें यंत्र ती यादी वेळोवेळीं तपासून नवा भाग आपण होऊन आणून देतें. नभोवाणीस परवाना लागतो, मनोरे लागतात. येथें तसें कांहीं नाहीं, आणि संपादकाच्या दारीं जोडेही झिजवावे लागत नाहींत.

माइक डंकन ह्या अमेरिकन तरुणानें २००७ मध्यें ह्या मार्गानें रोमचा इतिहास सांगण्यास आरंभ केला. तो कोठें इतिहासाचा अध्यापक नव्हता. त्यास ह्या विषयाचा नाद होता, एवढेंच. आरंभींचे भाग लहान, आवाजही फारसा स्वच्छ नाहीं. परंतु पुराणिकबुवांनीं नित्य एक अध्याय सांगावा तसा तो सांगत गेला : ईनियसची दंतकथा, राजे, प्रजासत्ताक, कार्थेजशीं झालेलीं युद्धें, सीझर, ऑगस्टस. पुढें तिसऱ्या शतकांतील अल्पायुषी सम्राट आले. इ. स. २३५ पासून २८४ पर्यंतच्या ह्या धामधुमीस शाळेच्या पुस्तकांत पानभरही जागा मिळत नाहीं; आणि वेळेचें बंधन असलेल्या कोणत्याही संस्थेनें हा भाग गाळण्यासच सांगितलें असतें. डंकननें तो गाळला नाहीं. मला त्याच्या कामांत हेंच विशेष वाटतें. इ. स. ४७६ मध्यें पश्चिमेकडील शेवटचा सम्राट पदच्युत झाला, तेथें १७९ व्या भागास ही कथा संपली. तेव्हां २०१२ चा मे महिना होता. पुढें २०१७ मध्यें रोमन प्रजासत्ताकाच्या पडत्या काळावर त्याचा ग्रंथ निघाला. आधीं ग्रंथ व मागाहून व्याख्यान हा नेहमींचा क्रम येथें उलटा झाला.

व्हिडिओची गोष्ट थोडी निराळी आहे. यूट्यूबवर २००५ च्या एप्रिलांत चढविलेला पहिला व्हिडिओ १९ सेकंदांचा होता व त्यांत प्राणिसंग्रहालयांतील हत्ती होते! त्याच ठिकाणीं २०१५ पासून ऑस्ट्रेलियांतील जॉन प्लांट हा गृहस्थ रानांत स्वतःच घडविलेल्या दगडी हत्यारांनीं झोपड्या व भट्ट्या बांधून दाखवूं लागला, आणि तोंडानें एक शब्दही बोलत नाहीं. परंतु पॉडकास्टची यादी निवेदकाच्या मालकीची असते. व्हिडिओची वाहिनी कंपनीच्या घरांत भाडेकरू असते. कोणता व्हिडिओ कोणापुढें आणावयाचा हें कंपनी ठरविते. २०१८ मध्यें तिनें नियम केला कीं, एक हजार वर्गणीदार व वर्षांत चार हजार तासांचें प्रेक्षण झाल्यावांचून जाहिरातींचा वांटा मिळावयाचा नाहीं. मोठ्या वाहिन्यांस ह्याचें कांहींच वाटलें नाहीं. नुकता आरंभ करणाऱ्याचें मात्र तोंडचें पाणी पळालें.

ह्या स्वातंत्र्यांत एक उणीवही आहे. निवेदकास अडविणारा कोणी नाहीं, तसा त्याची चूक दाखविणाराही कोणी जवळ नसतो. म्हणून ऐकतांना मुलांनीं एवढें पाहावें कीं, हा मनुष्य आपले आधारग्रंथ सांगतो काय, व मागील भागांतील चूक पुढील भागांत कबूल करतो काय. पालकांनीं अधूनमधून शेजारीं बसून ऐकल्यास ही परीक्षा अधिक सोपी होते.

डंकन थांबला त्याच वर्षीं त्याचा एक इंग्रज श्रोता, रॉबिन पियर्सन, ह्यानें कॉन्स्टँटिनोपलच्या साम्राज्याची कथा तेथूनच पुढें सांगावयास घेतली. तें साम्राज्य १४५३ मध्यें बुडालें. म्हणजे त्याच्यापुढें जवळजवळ एक हजार वर्षांचा पल्ला होता.