नवा घोडा, नवा स्वार

अलेक्झांडर आणि ब्युसेफेलस यांची कथा इतिहासाच्या तासाला मुले शौर्यकथा म्हणून ऐकतात. प्लुटार्कने दिलेला तपशील क्रमाने वाचला, तर तीत शौर्याहून निरीक्षण अधिक आहे, असे आमचे मत आहे. थेस्सलीच्या माणसाने विक्रीस आणलेला, १३ टॅलेंट किमतीचा तो घोडा कोणालाही पाठीवर बसू देईना. राजा फिलिपने तो परत नेण्यास सांगितले. अलेक्झांडरच्या ध्यानात आले, की घोडा समोर हलणाऱ्या स्वतःच्याच सावलीला बुजतो आहे. त्याने लगाम धरून त्याचे तोंड सूर्याकडे वळविले, काही अंतर तो त्याच्या बरोबरीने धावला, त्याला थोपटले, अंगावरील वस्त्र हळूच खाली टाकले आणि मग झेप घेतली. स्वार झाल्यावरही त्याने फटका मारला नाही की लगामाला हिसका दिला नाही. घोड्याची भीती ओसरलेली पाहूनच त्याला दौडू दिले. पुढे हाच घोडा झेलमच्या काठापर्यंत आला. इ.स.पू. ३२६ मधील तेथील लढाईनंतर तो मेला आणि त्याच्या नावाने अलेक्झांडरने नगर वसविले.

स्मरणिकेत हा विषय कशासाठी, असे काही वाचकांस वाटेल. घोड्यावर बसलेल्या नवरदेवाला केवळ जातीमुळे खाली उतरविल्याच्या बातम्या आजही देशाच्या काही भागांतून येतात. ज्यांना बसूच दिले नाही, त्यांच्या घरी खोगिराचे ज्ञान आजोबांकडून नातवाकडे कसे येणार? आता मात्र आपली मुले-मुली राष्ट्रीय छात्र सेनेत, पोलीस दलात, प्रशिक्षण केंद्रांत घोड्याजवळ जाऊ लागली आहेत. पालक कौतुकाने कुंपणाशी उभे राहतात आणि 'घाबरू नकोस' एवढेच ओरडतात. घोड्यापाशी ओरडणे तर मुळीच उपयोगाचे नाही.

मूल बहुधा एखाद्या वयस्क, शांत घोड्यावर शिकते. मग घोडा बदलतो आणि तेच मूल पहिल्या दिवशी आखडून बसते. यात लाजण्यासारखे काही नाही. त्याच्या आत्मविश्वासातील अर्धा वाटा जुन्या घोड्याचा होता. नव्या घोड्याचे तोंड किती हलके, दुडकी किती हादरविणारी, तो कशाला बुजतो, हे त्याला ठाऊक नसते. घोड्यालाही हा स्वार ठाऊक नसतो. स्वार आखडला की पाय आवळले जातात आणि लगाम ताणला जातो. पाय आवळणे म्हणजे 'पुढे चल', लगाम ताणणे म्हणजे 'थांब'. दोन्ही आज्ञा एकदम मिळाल्याने घोडा गोंधळतो, आणि त्याचा गोंधळ पाहून मूल आणखी घाबरते.

इ.स.पू. चौथ्या शतकात ग्रीक सेनानी व इतिहासकार झेनोफन याने अश्वविद्येवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. रागाच्या भरात घोड्याशी कधीही वागू नये, हा त्याचा नियम. घोडा एखाद्या वस्तूला बुजला असता त्याला मारू नये, कारण ती वेदना त्या वस्तूनेच दिली असे त्याला वाटते आणि भय दुणावते, असे तो सांगतो. मज्झिम निकायातील भद्दालि सुत्तात भगवान बुद्धांनी शिंगराच्या शिक्षणाचा दृष्टांत दिला आहे. पूर्वी कधी न घातलेला लगाम प्रथम चढविला की ते तडफडते; रोजच्या, क्रमशः सरावाने शांत होते; मगच पुढचा साज. अंगुत्तर निकायात केसि नावाचा अश्वशिक्षक येतो. वश न होणाऱ्या घोड्याला आपण ठार करतो, असे तो सांगतो. बुद्धांच्या शिकवणीत मात्र 'वध' म्हणजे त्या शिष्याला उपदेशास अपात्र समजणे. शिक्षक म्हणून आम्हांस हे वाक्य फार जड वाटते.

पालकांनी पहिल्याच दिवशी मुलाला नव्या घोड्यावर बसविण्याची घाई करू नये. मुलाने खरारा करावा, पाणी दाखवावे, मोतद्दाराच्या देखरेखीखाली लगाम धरून घोडा चालवावा. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने त्याला आजूबाजूचे पुष्कळ दिसते, पण थेट मागचे आणि कपाळासमोरचे अगदी जवळचे दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत जवळ जावे. कान मागे चपटे झाले की तो नाराज आहे, असे समजावे. पुढे कुंपणाच्या आत, शिक्षकाच्या हाती लांब दोर असताना साध्या चालीवर बसावे; थांबविणे व वळविणे जमल्यावाचून दुडकी नको. शिरस्त्राण पहिल्या दिवसापासून. नवशिक्या मुलासाठी नवशिके शिंगरू तर कधीही घेऊ नये. 'दोघे बरोबर शिकतील' हा हिशेब दोघांनाही महागात पडतो.

पडलेल्या मुलाला लगेच पुन्हा चढवावे, नाहीतर भीती कायमची बसते, असे सर्रास म्हटले जाते. आम्हांस ते सरसकट मान्य नाही. डोक्याला मार लागला असेल, तर त्या दिवशी बसणे नाहीच, डॉक्टरांकडे जावे. मार नसेल, तर काल जे निश्चित जमत होते तेथपर्यंत मागे यावे. दुडकीत पडला असेल, तर साध्या चालीच्या दोन फेऱ्या. तेही नको वाटत असेल, तर मुलाने लगाम धरून घोडा तबेल्यापर्यंत न्यावा, खोगीर उतरवावे आणि खरारा करून मगच घरी जावे.