क्रूसावरचे खिळे : एक अभ्यास

क्रूसावरील ख्रिस्ताची मूर्ती घडविताना आपण शिल्पकलेचे विद्यार्थी बरगड्यांचा ताण, मस्तकाचा कल यांवर महिने घालवतो आणि खिळे मात्र शेवटच्या दिवशी बाजारातून आणतो. यंदा सागवानात ६० सें.मी. उंचीची अशी मूर्ती कोरताना या दुय्यम समजल्या जाणाऱ्या वस्तूचा मी जो अभ्यास केला, तो येथे मांडत आहे.

पहिला प्रश्न संख्येचा. युरोपातील जुन्या शिल्पांत पाय शेजारी-शेजारी असून चार खिळे दिसतात. तेराव्या शतकापासून पायावर पाय ठेवून तिसरा खिळा मारण्याची पद्धत रूढ झाली. सतराव्या शतकात स्पेनमध्ये चित्रकार पाचेको याने पुन्हा चारांचा पुरस्कार केला. त्याचा शिष्य व जावई वेलास्केथ याच्या प्राडो संग्रहालयातील चित्रात चारच आहेत. हा वाद नुसता धर्मपंडितांचा नव्हे. तीन खिळे घेतले की गुडघे वाकतात, कंबर वळते, वेदना उघड होते. चार घेतले की देह शांत उभा राहतो. म्हणून संख्या लाकडाला पटाशी लावण्यापूर्वीच ठरवावी लागते. मला शांत देह हवा होता. मी चार घेतले.

दुसरा प्रश्न मापाचा. १९६८ मध्ये जेरुसलेम येथील एका प्राचीन कबरीत क्रूसावर दिलेल्या माणसाच्या टाचेचे हाड खिळ्यासकट सापडले. १९८५ च्या फेरतपासणीत त्या खिळ्याची लांबी ११.५ सें.मी. भरली. माझ्या मूर्तीच्या प्रमाणात हे माप सुमारे ४ सें.मी. येते.

आता कृती. ६ मि.मी. जाडीची साधी चौरस लोखंडी सळई घ्यावी. जस्ताचा मुलामा असलेली सळई भट्टीत मुळीच घालू नये. तिचा धूर विषारी असतो. सळई नारिंगी होईतो तापवून ऐरणीवर ठोकावी आणि दर ठोक्यागणिक पाव फेरा द्यावा, म्हणजे निमुळते होतानाही अंग चौकोनी राहते. डोक्यापुरते लोखंड राखून छिन्नीने खाच पाडावी. पुन्हा तापवून टोक भोकाच्या जाड पट्टीत घालावे, सळई खाचेवर मोडावी आणि वर उरलेला भाग चार-पाच तिरक्या ठोक्यांनी चपटा करावा. डोक्यावर उमटणारे पैलू कानशीने घासू नयेत; यंत्राच्या खिळ्याच्या गोल डोक्यात नसलेला घाव तिथेच दिसतो. शेवटी खिळा किंचित गरम असताना जवसाचे तेल चोळावे. रंग काळसर येतो व गंज रोखला जातो. हे महत्त्वाचे, कारण ओल लागली तर लोखंडाचा डाग लाकडात उतरतो.

तळहाताचे लाकूड पातळ असते. त्यात खिळा ठोकला तर ते रेषेने चिरते. आधी भोक पाडून खिळा हाताने बसवावा. मूर्तीचा भार पाठीमागून घातलेल्या स्क्रूवर द्यावा. यात फसवणूक आहे, असे एका मित्राचे मत पडले. मला तसे वाटत नाही. भार वाहणे हे स्क्रूचे काम, अर्थ वाहणे हे खिळ्याचे. मात्र खिळ्याभोवतीची बोटे खरा खिळा असल्यासारखी आखडलेली कोरली, तरच तो अर्थ प्रेक्षकापर्यंत पोहोचतो. त्यामुळे खिळे आधी घडवून, ते समोर ठेवूनच हात कोरावेत, अशी माझी सूचना आहे.