पाच वॅटची हाक आकाशात कशी पोचते?



१ ऑगस्टला बंदी उठेल. त्याआधी थोडं बोटीवरच्या बीकनविषयी.

परवा धक्क्यावर एका तांडेलांनी विचारलं, "सेक्रेटरी, आमचा पंचवीस वॅटचा व्हीएचएफ दहा-बारा मैलांपुढे ऐकू येत नाही. मग हा पाच वॅटचा डबा कोणाला ऐकू जाणार?"

प्रश्न बरोबर आहे. व्हीएचएफची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते आणि पृथ्वी गोल आहे. दोन्ही बोटींचे अँटेना पाण्यापासून ५ मीटर उंच असले, तर गाठ सुमारे १८ किलोमीटरपर्यंत, म्हणजे १० सागरी मैल. पुढे समुद्राचीच पाठ आड येते. वॅट वाढवून ती हटत नाही.

उपग्रह फार उंचावर असतो, पण मध्ये आडवं काही नाही. म्हणून थोडी शक्ती पुरते. हे हौशी रेडिओवाल्यांनी, म्हणजे हॅम लोकांनी, फार आधी दाखवलं. १२ डिसेंबर १९६१ ला त्यांचा ऑस्कर-१ उपग्रह वर गेला. त्याची शक्ती फक्त ०.१४ वॅट, तरी २८ देशांतल्या हॅमनी तो ऐकला. आपल्या इस्रोनेही ५ मे २००५ ला श्रीहरिकोट्याहून ४२.५ किलोचा हॅमसॅट सोडला. आजही हॅम मंडळी पाच वॅटचा हातातला सेट आणि उपग्रहाकडे रोखलेला अँटेना घेऊन अंतराळ स्थानकावरच्या रिपीटरमधून बोलतात.

आता आपल्या कामाचं. गाडी जवळ येताना शिट्टी बारीक होते, लांब जाताना जाड होते. धावत्या उपग्रहाला खालचा सिग्नल तसाच बदलत मिळतो आणि त्यावरून ठिकाण काढता येतं. १९७२ च्या ऑस्कर-६ या हॅम उपग्रहावर कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी हे करून पाहिलं. पुढे कॉस्पास-सारसॅट यंत्रणा उभी राहिली. तिचा पहिला उपग्रह जून १९८२ मध्ये वर गेला आणि सप्टेंबरमध्ये कॅनडात पडलेल्या विमानातले तिघे वाचले. आपला ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन याच यंत्रणेचा. भारतात त्याची हाक बंगळुरूच्या इस्रो केंद्रात उतरते, तिथून तटरक्षक दलाला कळते.

म्हणून हे लक्षात ठेवा:

१. बीकनला उघडं आकाश लागतं. एका बोटीवर तो जाळ्यांखाली, बर्फाच्या खणाशेजारी ठेवलेला मी पाहिलाय. तिथून हाक मारून उपयोग शून्य.

२. अँटेना उभा ठेवा. एकदा चालू केला की सुटका होईपर्यंत बंद करू नका. चांगली बॅटरी ४८ तास चालते.

३. बॅटरीची मुदत डब्यावर छापलेली असते. आजच वाचा.

४. तपासायला फक्त टेस्टचं बटण. खरं बटण गंमत म्हणून दाबलं, तर शोधाला निघालेली माणसं दुसरीकडच्या बुडत्याला उशिरा पोचतील.

५. बोट विकली, फोन बदलला, तर नोंदणीही बदला. हाक आली की आधी त्याच नंबरवर फोन येतो.

हॅमच्या लहरींवर बोलायला परीक्षा आणि परवाना लागतो. आपल्यासाठी चॅनल १६, तटरक्षक दलाचा १५५४ आणि हा डबा.

मालकांनी बीकनची जागा प्रत्येक खलाशाला हात लावून दाखवावी. रात्री बोट कलंडली, तर मालक घरी असतो. बटण खलाशालाच दाबायचं असतं.