कृत्रिम भिंग आणि डोळ्याचा दाह

कोलकात्यात १८३५ साली मेडिकल कॉलेज स्थापन झाले. त्याच्या आवारात आज प्रादेशिक नेत्रविज्ञान संस्था आहे. अशा रुग्णालयात मोतीबिंदू काढून घेतलेल्या रुग्णाला पट्टी सुटताच जग उजळलेले दिसते. पण डोळा काही दिवस लालसर राहतो व उजेड सोसत नाही. हा दाह का होतो?

गढूळ झालेले नैसर्गिक भिंग काढून त्याच्याच पातळ पिशवीत कृत्रिम भिंग बसवले जाते. डोळ्यातील रक्तवाहिन्या एरवी रक्तातील प्रथिने अडवून धरतात. शस्त्रक्रियेच्या इजेने हा बांध सैल होतो आणि प्रथिने व पांढऱ्या पेशी डोळ्यातील पाण्यात उतरतात. वैद्य प्रकाशाचा बारीक झोत टाकून त्या पाहतो. कवडशात धूलिकण दिसावेत, तशाच त्या दिसतात.

लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी पहिले कृत्रिम भिंग बसवले. युद्धात जखमी झालेल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या ॲक्रिलिक काचेचे तुकडे फारसा दाह न करता राहतात, असे त्यांना आढळले होते. त्याच कठीण ॲक्रिलिकचे भिंग आजही वापरात आहे. मात्र ते दुमडत नसल्याने सुमारे सहा मिलिमीटरची चीर लागते. सिलिकॉन व मऊ ॲक्रिलिक यांची भिंगे दुमडून तीन मिलिमीटरच्या किंवा त्याहूनही लहान चिरेतून आत जातात. साहजिकच इजा कमी होते.

मऊ ॲक्रिलिकचे दोन प्रकार आहेत. पाणी शोषणाऱ्या भिंगावर दाहपेशी कमी साचतात, पण त्यामागील पिशवी पुढे लवकर गढुळते. पाणी न शोषणाऱ्या भिंगावर पेशी अधिक चिकटतात, पण पिशवी दीर्घकाळ स्वच्छ राहते. सर्वगुणसंपन्न द्रव्य अद्याप सापडलेले नाही. म्हणून मधुमेह असलेल्या किंवा पूर्वी दाह होऊन गेलेल्या डोळ्यासाठी भिंग विचारपूर्वक निवडावे लागते.

साधा दाह स्टेरॉइडच्या थेंबांनी काही आठवड्यांत शमतो. परंतु दुखणे वाढत जाऊन दृष्टी मंदावू लागली, तर जंतुसंसर्गाची शंका घेतली पाहिजे. तेव्हा ‘नवे भिंग आहे, होईल सवय’ असे म्हणून थांबू नये. त्याच दिवशी नेत्रवैद्य गाठावा. काही तासांच्या विलंबानेही मिळालेली दृष्टी कायमची जाऊ शकते.